गाडी गुडघे टेकते तेव्हा

आम्ही खारबावहून बोलतोय, भिवंडी तालुक्यातल्या आमच्या बचत गटांच्या वतीने.

यंदाच्या लग्नसराईत शेजारच्या गावी हळदीला गेलो होतो. आपल्याकडच्या हळदी तुम्हाला ठाऊकच आहेत. मांडवापेक्षा बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचीच चर्चा जास्त! तिथे एक भलीमोठी इलेक्ट्रिक गाडी आली. आवाज नाही, धूर नाही. नवरदेवाच्या आजीला न्यायला आली होती. दार उघडलं, आजीने पाय उचलला, आणि गाडी हळूच खाली आली. चार बोटं तरी आली असेल. आजी दचकून मागे सरल्या आणि म्हणाल्या, "अगो बाय, गारी बसली बघ!" त्या आत बसल्या, दार लागलं, आणि गाडी पुन्हा उठून उभी राहिली. अगदी उंटासारखी.

पोरं तर वेडीच झाली. दोघांनी चाकावरच्या खाचेत हात घालून बघायला सुरुवात केली. त्यांना आम्ही ओरडून बाजूला केलं. ते का, ते पुढे सांगतो. पण गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब राहिला बाजूला, सगळ्यांचा एकच प्रश्न: गाडी बसते कशी आणि उठते कशी? आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, यंत्रशास्त्र नाही. म्हणून इतिहासाच्या वाटेने शोधत गेलो. वाटेत बैलगाडी भेटली, एसटी भेटली, मुंबईची लोकल भेटली. आणि एक गोष्ट लक्षात आली, ती आजच्या बोलण्यात सांगायची आहे. ही बसती-उठती गाडी जन्माने श्रीमंतांची नाही. हवेवर तरंगणारी गाडी आधी उपयोगाला आली ती गर्दीसाठी, बसमध्ये आणि रेल्वेत. कोटीच्या मोटारीत तिने बस्तान बसवलं ते फार नंतर.

सुरुवात आपल्या डोक्यापासून करू. डोक्यावर हंडा किंवा पाटी घेताना आपण खाली काय ठेवतो? चुंबळ. जुन्या लुगड्याचा धडपा गोल वळून केलेली. ती नसेल तर हंड्याचा काठ टाळूत रुततो आणि प्रत्येक पावलाचा दणका मानेत बसतो. चुंबळ दणका पिते. वजन तेवढंच राहतं, दणका मात्र कमी होतो. गाडीच्या सस्पेन्शनचं काम हेच: चाक आणि गाडी यांच्या मध्ये ठेवलेली चुंबळ.

आपल्या जुन्या बैलगाडीला अशी चुंबळ नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट साटा. भाताच्या पेंढ्याचे भारे वाहताना ते चालून जायचं, कारण पेंढा स्वतःच मऊ. पण बाळंतिणीला माहेराहून सासरी पोचवायचं तर गाडीत पेंढ्याचा जाड थर पसरावा लागे. म्हणजे चुंबळ गाडीखाली नव्हती, म्हणून बायकांनी ती गाडीत घातली.

मग आले पोलादी पाटे. एकावर एक रचलेल्या, किंचित वाकवलेल्या पट्ट्या. टांग्याला ते होते, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली आपली पहिली रेल्वेही पोलादी स्प्रिंगांच्याच जमान्यातली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली बस सुटली, तीही पाट्यांवरच. आपल्या भिवंडीच्या गोदामांच्या रस्त्यांवर पाटे दुरुस्त करणारी दुकानं आजही दिसतात. तुटलेला पाटा काढायचा, नवा घालायचा, यू-बोल्ट आवळायचा, गाडी पुन्हा रस्त्यावर. पोलादाची ही थोरवी मान्य केली पाहिजे. ते फुटत नाही, गळत नाही, आणि तुटलं तर दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

पण पोलादाचा एक हट्ट आहे. त्याचा ताठपणा एकदाच ठरतो, कारखान्यात. पाटे दहा टनांसाठी केले तर दहा टन भरल्यावर गाडी बरी चालते, आणि रिकामी असताना दणादण उडते. मऊ केले तर रिकामी गाडी छान चालते, पण भरल्यावर बूड टेकते. आपल्या भाजीवाल्या बायकांना हे पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. टेम्पो गच्च भरून गेला तर टोमॅटो बरे पोचतात. तोच टेम्पो चार क्रेट घेऊन निघाला, आणि ते मागच्या टोकाला ठेवले, तर बाजारात उतरेपर्यंत रस निघालेला असतो. ड्रायव्हरला उगाच बोल लावतो आपण! दोष पाट्यांच्या हट्टाचा असतो, आणि खड्ड्यांचाही.

दुसरा हट्ट उंचीचा. वजन वाढलं की पाटा दबतो आणि गाडी खाली येते. वजन उतरलं की गाडी वर जाते. म्हणजे पायरीची उंची कोणी ठरवत नाही, आत बसलेली गर्दी ठरवते. शिवाय आपल्याकडची बस वर्षानुवर्षं ट्रकच्या सांगाड्यावर बांधली गेली. खाली उंच चौकट, तिच्यावर फळ्या, त्यावर बाकं. ट्रकमध्ये पोती चढवतात, पोत्याला गुडघे दुखत नाहीत. पण त्याच उंचीवर कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन चढायचं आपण शिकलो, आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंही नाही.

आता हवेकडे येऊ. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने बेलफास्ट शहरात आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचा हक्क नोंदवला होता, पण तेव्हा ते चाललं नाही. डनलॉपचं चाललं. आपल्याकडे हा शोध मोटारीबरोबर आला, आणि बैलगाडीखालीही शिरला. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या कामावर जाणाऱ्या जोडप्यांच्या टायरगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. लोखंडी धाव गेली, रबरी टायर आले, बैलांचा ओढा हलका झाला. इतका हलका, की मग गाडीत ऊसही जास्त भरला जाऊ लागला. सुधारणा आली की ती कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न तिथेही होता.

टायरमध्ये हवा चालते, मग पाट्यांच्या जागी हवा का नाही? अमेरिकेतल्या फायरस्टोन या टायर कंपनीने १९३०च्या दशकात हा प्रयोग केला. जाड रबराची, आतून दोऱ्याच्या विणीने बळकट केलेली पिशवी, तिच्यात दाबलेली हवा, आणि त्या पिशवीवर गाडीचं वजन. आपल्याकडचे ड्रायव्हर त्याला सरळ 'बलून' म्हणतात. १९५३ साली जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या शहर बसना ही पिशवी नेमाने बसवायला सुरुवात केली. बसच का? कारण बसचंच वजन दर थांब्याला बदलतं. एका थांब्यावर दहा माणसं, पुढच्यावर साठ. पोलादाचा हट्ट जिथे सगळ्यात जास्त नडत होता, तिथे हवा आधी पोचली.

मोटारीत ती यायला निघाली आणि पहिल्यांदा चक्क फसली. १९५७ साली कॅडिलॅक कंपनीने एल्डोराडो ब्रॉम नावाची १३,००० डॉलरांच्या वर किंमत असलेली गाडी काढली, हवेच्या पिशव्यांवर. पण हवा गळू लागली. सकाळी मालक बाहेर यावा तर गाडी एका कुशीवर बसलेली! पुष्कळ मालकांनी पिशव्या काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये डीएस नावाची गाडी दाखवली होती, तिची तऱ्हा वेगळी. गोळ्यात कोंडलेला नायट्रोजन आणि त्याच्या जोडीला तेल. ती गाडी बंद केली की सावकाश खाली बसे, सुरू केली की उठे, आणि ड्रायव्हरला दांडा सरकवून उंची बदलता येई. आपण हळदीला जे पाहिलं त्याची पणजी म्हणा हवं तर.

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येऊ, मुंबईच्या लोकलवर. खारबावहून आमच्या बायका मेमूने एकीकडे वसईला आणि दुसरीकडे दिव्याला जातात, दिव्याला उतरून लोकल पकडतात. म्हणून लोकलचं आम्हाला परकेपण नाही.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेवरची लोकल धावली. पुढे गर्दी किती वाढली, त्याचा हिशेब ऐका. नऊ डब्यांच्या गाडीत सोय साधारण १,७०० माणसांची, आणि ऐन गर्दीत शिरतात ४,५०० च्या वर. एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसं. म्हणजे आपल्या दारापुढच्या लहानशा चौकोनी रांगोळीच्या जागेत अख्खा बचत गट उभा! एका डब्यात ५०० माणसं धरा, प्रत्येकी ५५ किलो. झाले साडेसत्तावीस टन. दुपारी हे वजन नाही, संध्याकाळी आहे. पोलादी स्प्रिंग दुपारसाठी करायची की संध्याकाळसाठी? संध्याकाळसाठी केली तर दुपारी डबा आदळतो. दुपारसाठी केली तर संध्याकाळी डबा इतका दबतो की जमीन प्लॅटफॉर्मच्या मानाने आणखी वर-खाली होते आणि स्प्रिंगेला हलायला जागाच उरत नाही.

या गर्दीसाठीच लोकलच्या डब्याखाली हवेची पिशवी आली. नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल सुरू झाल्या, तुम्हाला आठवत असतील. त्या हवेच्या स्प्रिंगांवर होत्या. मार्च २०१५ मध्ये आलेल्या बंबार्डियरच्या लोकलही तशाच. दोन्हींचे डबे चेन्नईच्या रेल्वे कारखान्यात बांधलेले.

ही पिशवी काम कशी करते, ते इथेच सांगून टाकतो, कारण लोकलमध्ये ते सगळ्यात सोपं आहे. डबा आणि चाकांची चौकट यांच्या मध्ये पिशवी. शेजारी एक छोटी दांडी. दांडीचं एक टोक खालच्या चौकटीला जोडलेलं, दुसरं डब्याला लावलेल्या हवेच्या झडपेला. माणसं चढली, डबा थोडा खाली आला, दांडी एका बाजूला कलली, झडप उघडली, टाकीतली हवा पिशवीत शिरली, डबा वर आला, दांडी पुन्हा सरळ, झडप बंद. माणसं उतरली की डबा वर उचलला जातो, दांडी उलटी कलते आणि जास्तीची हवा बाहेर सुटते. ना कॉम्प्युटर, ना बटण. घरातल्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू नळ बंद करतो ना, तसंच हे. गर्दी कितीही असो, उंची तीच. आणखी एक गंमत: पिशवीतल्या हवेच्या दाबावरून आत वजन किती आहे हे गाडीलाच कळतं, म्हणून त्या हिशेबाने ब्रेकही लावता येतात.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. हवेची पिशवी डबा एका उंचीवर ठेवते, प्लॅटफॉर्म वर उचलत नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक कॉलेजची मुलगी गाडी आणि प्लॅटफॉर्म यांच्यामधल्या फटीत सापडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गाजला, आणि प्लॅटफॉर्म ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उंच करायचं काम हाती घेतलं गेलं. उंचीला दोन बाजू असतात, गाडीची आणि जमिनीची. एकट्या गाडीने शहाणं होऊन भागत नाही. आमच्या गटातल्या एका काकींचा गेल्या पावसाळ्यात उतरताना पाय सटकला, नडगी सोलवटली आणि मेथीच्या जुड्या रुळांवर गेल्या. पाय वाचला याचा आनंद मानायचा की जुड्या गेल्याचं दुःख, हे त्यांना दोन दिवस ठरवता येत नव्हतं.

रस्त्यावर हवा कधी आली? २००१ साली व्होल्वोची बस भारतात आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि एसटीच्या शिवनेरीतून लोक या बसचा अनुभव घेऊ लागले. पोटातलं पाणी हलत नाही, हे वर्णन तेव्हा घरोघर ऐकू येई. अंगाला आराम मिळाला, पण चढायला पायऱ्या होत्याच.

पायऱ्यांचा विचार २००८ मध्ये झाला. केंद्र सरकारने शहर बससाठी नवे नियम केले. त्यात बसच्या जमिनीची उंची ठरवून दिली: नीचतम ४०० मिलिमीटर, मधली ६५० आणि वरची ९००. ४०० मिलिमीटर म्हणजे हातभरापेक्षा कमी, एका पायरीत आत. जमीन इतकी खाली आणायची तर खड्ड्यात आणि गतिरोधकावर बूड आपटू नये म्हणून उंची सांभाळणारी हवेची पिशवी लागते. आणि पिशवी आली की तिच्याकडून आणखी एक काम करून घेता येतं. थांब्यावर ड्रायव्हर बटण दाबतो, दाराच्या बाजूच्या पिशव्यांतली हवा थोडी सुटते, आणि बस त्या अंगाला काही सेंटिमीटर कलते. इंग्रजीत त्या क्रियेला जे नाव आहे, त्याचा अर्थच 'गुडघे टेकणं' असा आहे. म्हातारी माणसं, गरोदर बाई, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस चढला, की हवा पुन्हा भरते आणि बस उठते. हळदीतल्या आजींसाठी जे झालं तेच, फक्त सगळ्यांसाठी, तिकिटाच्या पैशात.

आता त्या मोटारीकडे वळू. मधल्या काळात एक मोठा फरक पडला. दांडीच्या जागी विजेचा मापक आला आणि झडपेवर कॉम्प्युटर बसला. १९९२ मध्ये रेंज रोव्हर या इंग्रजी गाडीत अशी रचना आली. आता गाडी नुसती एका उंचीवर राहणार नव्हती. ठरवू त्या उंचीवर जाणार होती.

तिच्या पोटात काय असतं? चार चाकांशी चार पिशव्या. हवा दाबणारा एक छोटा पंप. दाबलेली हवा साठवणारी टाकी. हवेतली ओल शोषून घेणारी डबी, कारण ओल झडपेत गेली की गंज चढतो. चार कोपऱ्यांत उंची मोजणारे चार मापक. आणि हे सगळं वाचून झडपा उघडणारा-मिटणारा कॉम्प्युटर. आमच्या गटातल्या एकीने विचारलं, एवढी जड गाडी हवा उचलते कशी? हिशेबासाठी गाडी २,८०० किलोची धरू. एका चाकाच्या वाट्याला ७०० किलो. पिशवीचा माथा बशीएवढा, १०० चौरस सेंटिमीटरचा धरू. तर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोचा दाब लागला. स्कूटरच्या टायरमध्ये साधारण दोन किलोचा असतो. म्हणजे तिप्पट-चौपट. जादू काही नाही. आणि गंमत अशी, की गाडी वर उचलायला दाब वाढवावा लागत नाही. वजन तेवढंच, माथा तेवढाच, म्हणून दाबही तेवढाच. फक्त हवा जास्त भरावी लागते, म्हणजे पिशवी लांब होते.

इलेक्ट्रिक गाडीला याची गरज जास्त का पडली? बॅटरीमुळे. पेट्रोलच्या टाकीसारखी ती कोपऱ्यात मावत नाही. गादीसारखी पसरट, शेकडो किलोंची बॅटरी गाडीच्या पोटाखाली, दोन्ही आसांच्या मध्ये अंथरलेली असते. त्यामुळे तीन ओढाताणी सुरू होतात. वजन फार, म्हणून स्प्रिंग ताठ हवी. पैसेवाल्या गिऱ्हाइकाला मात्र गाडी मऊ हवी. पोट जमिनीपासून वर हवं, म्हणजे दगड लागणार नाही. आणि वेगात असताना मात्र गाडी खाली हवी, कारण खालून कमी वारा शिरला की वाऱ्याचा अडथळा घटतो आणि एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त लांब जाते. पोलाद यातली एकच मागणी पुरी करू शकतं. हवा वेळ बघून उंची बदलते.

पण वेळ बघणंही कधी चुकतं. २०१२ मध्ये टेस्ला कंपनीची मॉडेल एस नावाची इलेक्ट्रिक गाडी अमेरिकेत आली. हवेच्या पिशव्या बसवलेली गाडी मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की आपोआप खाली होई. २०१३ च्या शेवटी रस्त्यावर पडलेला लोखंडी तुकडा पोटाला लागून बॅटरी पेटल्याच्या घटना घडल्या. तेव्हा कंपनीने काय करावं? गाड्या परत न बोलावता, आपल्या मोबाइलला अपडेट येतो तसा संदेश पाठवून गाड्यांची वेगातली उंची वाढवली. लोक रात्री झोपले आणि सकाळी त्यांची गाडी बदललेली होती. पुढे मार्च २०१४ मध्ये पोटाखाली टायटॅनियम धातूचं कवच द्यायला सुरुवात झाली. पाटेवाल्याच्या दुकानात हातोडा घेऊन होणारं काम दूरवरून एका संदेशाने व्हावं, ही या इतिहासातली मोठी उडी म्हणायची.

आपल्या देशात जुलै २०२१ मध्ये ऑडी ई-ट्रॉन ही इलेक्ट्रिक एसयूव्ही आली. तिची उंची सगळ्यात खालपासून सगळ्यात वरपर्यंत ७६ मिलिमीटर बदलते, म्हणजे चार बोटं. आणि सप्टेंबर २०२४ पासून मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही आपल्या पुण्याजवळच्या चाकणला जोडली जाऊ लागली, हवेच्या सस्पेन्शनसकट. किंमत सुरुवातीला १ कोटी ४१ लाख. आमच्या प्रभागातल्या सगळ्या गटांची मिळून एवढी बचत अजून झालेली नाही, हे हसत सांगतो.

मग आपल्याला काय त्याचं? दोन कामं आहेत.

पहिलं, आमचा गट भाजीसाठी इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी घ्यायच्या विचारात आहे. एके ठिकाणी विचारायला गेलो तर विक्री करणारा मुलगा म्हणाला, "ताई, एकदम हवेत चालते, एअर सस्पेन्शनसारखी!" आम्ही खाली वाकून बघितलं. पाटे होते. 'सारखी' या शब्दात फार माल खपतो. चुकीचं काही नाही त्यात. रांजणगावला बनणारी टाटाची नेक्सॉन इलेक्ट्रिक गाडीसुद्धा पोलादी स्प्रिंगांवरच चालते आणि चांगली चालते. कर्जाच्या गाडीला पाटेच बरे, असं आमचं मत आहे. हवेची पिशवी रबराची. उन्हाने, चिखलाने, वयाने तिला चिरा पडतात. एक गळली की पंप सारखा चालू राहतो, आणि मग पंपही जळतो. खारबावमध्ये तो दुरुस्त कोण करणार? तेव्हा विकणारा 'हवेची' म्हणाला तर चाकामागे वाकून बघा: काळी रबरी पिशवी आहे की पोलादी पट्ट्या. आणि पट्ट्या असतील तर क्रेट कमी असताना ते मागच्या टोकाला ठेवू नका, आसाच्या पुढे सरकवा.

आणि हो, पोरांना का ओरडलो ते राहिलंच. बसती-उठती गाडी उभी असली तरी हलू शकते. दार उघडल्यावर, सामान उतरल्यावर, कधी आपोआपही. चाक आणि पत्रा यांच्यामधली जागा तेव्हा कमी होते. लहान हाताला तेवढं पुरे. अशा गाडीखाली पोरांना चेंडू काढायला घालू नका, आणि जॅक लावायचा तर आधी ती उंची बदलायची सोय बंद करून घ्यायला सांगा.

दुसरं काम पायरीचं. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस, शिवाई, पुण्याहून अहमदनगरला निघाली. १९४८ ची तीच तारीख, तोच मार्ग. बस विजेची झाली, चढायच्या पायऱ्या मात्र तिलाही आहेत. शहरांत खाली जमिनीच्या बस आल्या, आपल्या गावच्या रस्त्यांवर अजून उंच पायरीच आहे. रस्ते खराब म्हणून बस उंच ठेवतात, असं उत्तर मिळतं. पण वेळ बघून उंची बदलणारी पिशवी नेमकी त्याचसाठी तर आहे: खड्ड्यात वर, थांब्यावर खाली.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय. शिवणकामाची टेप घ्यायची आणि आपण रोज ज्यातून जातो त्या प्रत्येक गाडीची जमिनीपासून पहिली पायरी किती, ते मोजून वहीत लिहायचं: एसटी, मेमू, सहा आसनी रिक्षा, गोदामाला बायका नेणारा टेम्पो. मोजताना गाडी रिकामी होती की भरलेली, तेही लिहायचं, कारण आता आपल्याला माहीत आहे की पाट्यांवरची गाडी दोन्ही वेळा वेगळी भरते. हळदीतल्या त्या आजींनीही आपल्या अंगणातल्या ओट्याची उंची मोजून घेतली आहे. रोज किती चढवतं, हे त्यांना बघायचं होतं. तुमच्या गावची मापं पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी आमच्याकडे पाठवा. ग्रामसभेत मांडायला तोवर आमची वही भरलेली असेल.